जाळीचा कायदा

माझ्या मावशीचा उजवा हात रोलरमध्ये गेला, तेव्हा ती त्या लॉन्ड्रीतली सगळ्यात जुनी कामगार होती. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायच्या आणि दोन तापलेल्या रोलरांमधून कडक इस्त्री करून काढायच्या, हे तिथलं काम. ओली चादर आत सरकवताना बोटं आणि रोलर यांच्यामध्ये काहीच नसायचं. खरं तर तिथे एक जाळी हवी होती, धक्का लागताच यंत्र बंद पाडणारी. पण जाळीने काम मंदावतं, असं मालकांचं मत होतं. मावशीचा हात मनगटापासून गेल्यावर त्यांनी तिला घड्या तपासायला बसवलं आणि या उपकाराचा उल्लेख ते येता-जाता करत राहिले.

हात तुटलेली बाई मंत्र्यांच्या मात्र फार कामाची असते. कामगारमंत्र्यांनी मावशीला राजधानीला नेलं, सभागृहात पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत बसवलं, आणि अशा प्रत्येक यंत्राला जाळी सक्तीची करणारा कायदा तिच्यादेखत एकमताने संमत झाला. विरोधकांनीही बाकं वाजवली. कोणाचाच विरोध नाही, याच गोष्टीचा आम्हाला संशय यायला हवा होता. बाहेर आल्यावर मंत्र्यांनी छायाचित्रांसाठी तिचा थोटा हात उंच धरला. घरी आल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "धरताना मध्ये रुमाल घेतला होता त्याने."

वर्षं गेली, जाळी काही आली नाही. मावशीची समजूत अशी, की कायदा आहे, आपलेच मालक चुकार आहेत. मग एके दिवशी त्याच रोलरवर नव्याने लागलेल्या एका मुलीची तीन बोटं चिरडली. मावशीनेच तिला हॉस्पिटलात नेलं आणि तिथून ती थेट कारखाना निरीक्षकाकडे गेली. निरीक्षक म्हणाला, कायदा झालाय खरा, पण लागू झालेला नाही. मावशीला वाटलं, यानेही हात ओले करून घेतलेत. त्याने तिला कायद्याचं पहिलं पान उघडून दाखवलं: सरकार ठरवेल त्या तारखेपासून हा कायदा अमलात येईल. ती तारीख सरकारने ठरवलीच नव्हती.

मी सुट्टी काढली आणि मावशीला घेऊन मंत्रालयात गेलो. ज्या अधिकाऱ्याकडे हे भिजत घोंगडं होतं, त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि अत्यंत गोड आवाजात कारणं सांगितली. कायद्याखालचे नियम अजून तयार व्हायचे होते. नियमांसाठी नेमलेली समिती 'यंत्र' कशाला म्हणायचं यावर अडली होती. तपासणीला निरीक्षक वाढवायचे, तर वित्त विभाग पदं देत नव्हता. शिवाय कारखानदारांनी मुदत मागितली होती. पहिल्या वर्षासाठी ही कारणं मीही मान्य केली असती. पण त्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे त्या गृहस्थाला सांगता येईना.

मावशीने विचारलं, "तारीख कोण ठरवतं?"

"सरकार."

"म्हणजे तुम्ही?"

"मी नुसता प्रस्ताव पाठवतो."

"मग पाठवलात का?"

"तसा आदेश नाही आला."

"आदेश कोण देणार?"

"सरकार," तो म्हणाला, आणि त्याला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही.

निघताना तो दारापर्यंत आला. आवाज खाली आणून, आम्हाला काही भेट देत असल्यासारखा म्हणाला, "बाई, खरं सांगू? कायदा करताना कोणाच्या खिशाला हात लागत नाही. लागू केला, की दुसऱ्या दिवशी कारखानदार दारात उभे. कायदा झाला म्हणून टाळ्या पडतात. लागू नाही झाला म्हणून कोण विचारायला येतं?" विचारायला आलेली बाई त्याच्यासमोरच उभी होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

जिना उतरताना मावशी म्हणाली, "हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्टाशी भांडता तरी येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोलरसमोर जाऊन उभी राहिली. बायकांना तिने आधीच सांगून ठेवलं होतं. एकीनेही चादर उचलली नाही. मालक धावत आले. त्यांनाही आता कायद्याचं ज्ञान झालं होतं. जाळीचा कायदा अजून लागू नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

"मग आम्हीही कामाला लागत नाही," मावशी म्हणाली.

हॉस्पिटलांच्या गाड्या अंगणात येऊन थांबल्या. मळक्या चादरींचे ढीग साचले, वास मारू लागले. दुपारपर्यंत मालकांनी दम दिला, मग गयावया केली, मग वेल्डरला बोलावलं. संध्याकाळी जाळी बसली होती, तिला जोडलेलं बटणही बसलं होतं. समितीची अक्कल वर्षानुवर्षं जिथे अडली होती, ते काम एका माणसाने विडी ओढत उरकलं. इस्त्रीचं काम तसूभरही मंदावलं नाही.

पुढे मंत्र्यांनी एका भाषणात सांगितलं, की या कायद्याला उद्योगांनी आपणहून प्रतिसाद दिला आहे, लॉन्ड्रीत जाळ्या बसल्या आहेत, तेव्हा तो लागू करण्याची घाई उरलेली नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. त्या गोड आवाजाच्या अधिकाऱ्याला बढती मिळाली, हेही ओघानेच आलं. मी घरात तणतणत होतो. मावशीने वेल्डरला गाठून आणखी कुठल्या लॉन्ड्र्या त्याच्या माहितीतल्या आहेत ते विचारून घेतलं.

आता सुट्टीच्या दिवशी ती तिथे जाते. दोन मालकांनी जाळी बसवली, एकाने तिला फाटकाबाहेर काढलं. गेल्या आठवड्यात एका हॉटेलच्या तळघरात तर बायकांनीच तिला परतवलं. त्यांना चादरीमागे पैसे मिळतात. यंत्र सारखं थांबलं तर खायचं काय, असं त्यांचं म्हणणं. मावशी त्यांच्यावर चिडली नाही. तिची सगळी चीड मंत्रालयासाठी राखून ठेवलेली आहे. रविवारी ती त्या तळघरात पुन्हा जाणार आहे, बोटं गेलेल्या त्या मुलीला बरोबर घेऊन.