हिरवं झालेलं नाव

"कोण पाहतं, तें दिसतं कीं नाही?" घरच्या व्हिडिओंसाठी मी कोणतंही सॉफ्टवेअर दाखवलं, की मामी चष्मा कपाळावर सरकवून पहिलं हेच विचारायच्या.

कुंभकोणमला त्या आमच्या शेजारी राहत. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि आत आमची तंजावरची जुनी मराठी. यजमान कधीच गेलेले, एकुलता मुलगा अमेरिकेत. त्याच्या लहानपणच्या सगळ्या कॅसेट मी संगणकावर उतरवून दिल्या होत्या. त्या त्याला तिकडून बघता याव्यात म्हणून देवघराशेजारी, नाचियार्कोविल गावच्या पितळी समईपाशी, एक छोटा सर्व्हर बसवायचा होता. आणि काय सांगू तुम्हाला, मुलीसाठी स्थळं बघावीत तशी त्यांनी सॉफ्टवेअरं बघितली.

पहिलं फार देखणं. प्रत्येक व्हिडिओला इंटरनेटवरून आपणहून पोस्टर शोधून लावायचं. त्यानं मुलाच्या मुंजीवर विळा उगारलेला सिनेमातला मिशाळ नायक चिकटवला. "अय्यय्यो! हा आमच्या घरचा नव्हे रे," म्हणत मामी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. दुसरं चपळ होतं, पण पाहणाऱ्याचं नाव सांगत नसे. "नको रे कण्णा. दारांत कोण आलं तें कळाया नको?" शेवटी एक रुक्ष चेहऱ्याचं पसंत पडलं. त्यात कुणी व्हिडिओ लावला की पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव हिरवं व्हायचं.

रोज सकाळी कॉफी घेऊन मामी त्या कोपऱ्यासमोर बसत. तिकडे तेव्हा संध्याकाळ. नाव हिरवं झालं की म्हणत, "आला पाहा कामावरून." फोन मात्र करायच्या नाहीत. "दमला असेल. असो दे."

मग एका अपघातात मुलगा तिकडेच गेला. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. आणि एका सकाळी मामींनी मला हाक मारली. कोपऱ्यात त्याचं नाव हिरवं होतं. मुंजीचा व्हिडिओ चालू होता.

सावरून मी म्हणालो, "मामी, सून असेल, नाहीतर नात. त्याच्याच खात्यातून बघत असतील. विचारू का?"

"विचारू नको. विचारलास तर लाजून थांबतील." मग पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "आला आहे, बसो दे."

पुढे ते सॉफ्टवेअर जुनं झालं, अडखळू लागलं. नवं घालायचं तर जुनी खाती पुसली जाणार होती. मी परोपरीनं समजावलं की व्हिडिओ सगळे जसेच्या तसे राहतील.

"व्हिडिओ राहतील," मामी म्हणाल्या. "आणि तो?"

मी जुनंच कसंबसं चालवत राहिलो.

यंदा मामीही गेल्या. सुनेला येणं जमलं नाही. घराची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून एका सकाळी सर्व्हर बंद करायला गेलो. पडदा उजळला. कोपऱ्यात मुलाचं नाव हिरवं होतं.

पण मुंज लागलेली नव्हती. सर्व्हर बसवला त्या दिवशी चाचणीसाठी मी मोबाइलवर मामींचा एक तुकडा घेऊन त्यावर टाकला होता; आजवर कुणी न उघडलेला तोच चालू होता. त्यात मामी सरळ समोर बघून एवढंच विचारतात, "जेवलास का रे बाळा?"

तुकडा संपला. त्याच नावानं तो पुन्हा लावला. मग पुन्हा.

मी बटणावरचा हात काढून घेतला.