साकळलेली शीर

राजरत्न करी रोडच्या टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. एका जागी बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. सोमवारी लिफ्टची मोटर सरकवताना त्याच्या डाव्या जांघेत कळ आली. संध्याकाळी वृषण ठणकायला लागलं. वरच्या शिरा हाताला कडक, दोरीसारख्या लागल्या.

तीन दिवस त्यानं कुणाला सांगितलं नाही. बसवेना, पडवेना, म्हणून चाळीच्या गॅलरीत येरझारा घालत राहिला. मोबाइलवर शोधलं, तर पहिलंच उत्तर कॅन्सर! लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल हवं होतं.

"वाकडा का चालतोयस?" बायकोनं, मायानं विचारलं.

"जिममध्ये लचकलं."

"तू कधी जिमला गेलास?"

मग सांगावंच लागलं. माया भडकली. "तीन दिवस? येडा आहेस का रे? चल, आत्ताच्या आत्ता!"

परळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि ते रागावले. "वृषणाला पीळ बसला असेल तर काही तासांत ऑपरेशन करावं लागतं. असं थांबायचं नसतं." लगेच रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीला पाठवलं.

तिथं डॉक्टर आकांक्षा होत्या. बाई बघून राजरत्न दारातच अडखळला.

"लाजू नका, माझं रोजचंच काम आहे. झोपा."

त्या स्क्रीनवर बघत बोलत होत्या. "वृषणात रक्त नीट जातंय. पीळ नाही, गाठ नाही. पण वरच्या फुगलेल्या शिरांत रक्त साकळलंय, प्रवाहच नाही."

मग त्यांनी यंत्र पोटावर नेलं. "वृषणाची डावीकडची शीर डाव्या किडनीच्या शिरेला मिळते. तिथं काही अडथळा नाही ना, बघते."

"काही दिसतंय का?"

"पाय हलवू नका."

"नाही हलवत," म्हणता म्हणता त्यानं पुन्हा हलवले.

किडनी ठीक निघाली. ऑपरेशन नको, सूज उतरायच्या गोळ्या, काही आठवडे रक्त पातळ करणारं औषध, आधाराला घट्ट लंगोट आणि पंधरा दिवस वजन उचलायचं नाही, असं रिपोर्ट बघून पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं.

"आणि मूल?" मायानंच विचारलं.

"आधी हे बरं होऊ द्या. मग वीर्य तपासू."

घरात बसणं दुखण्याहून अवघड गेलं. फोनवरून सहकाऱ्यांना सूचना देऊन देऊन त्यानं सगळ्यांना वैताग आणला. आठवड्यात ठणका गेला. दीड महिन्यानं पुन्हा डॉपलर केली, तेव्हा शीर मोकळी होत होती.

वीर्याचा रिपोर्ट अजून यायचा आहे. राजरत्न दर तासाला मोबाइल उघडतो. पण कामावर चहा पिताना त्यानं स्वतःचं दुखणं सगळ्यांना नाव घेऊन सांगितलं. दोघं सहकारी हसले. त्यांच्यातला राकेश मात्र हसला नाही. मागाहून हळूच जवळ येऊन त्यानं दवाखान्याचा नंबर मागितला.