पिंडावरची घार

अमेरिकेतला गरुड पुनावळ्याला येत नाही. सातासमुद्रापलीकडून उडत येऊन पवनेच्या काठी, कुणाच्या तरी दहाव्याला तर मुळीच येत नाही. एवढी साधी गोष्ट मामाच्या घरच्यांना पटवताना माझ्या तोंडाला फेस आला. आता त्यातली बरीच माणसं राहिली नाहीत, तरी आठवण झाली की मी चिडतो.

पिंपरीला तेव्हा नुकते कारखाने उभे राहू लागले होते. मी त्यातल्याच एकात स्टोअरमध्ये होतो आणि जवळच खोली घेऊन राहत होतो. कारखान्याची यंत्रं अमेरिकेहून आलेली, आणि ती बसवायला तिकडचाच एक साहेब आलेला. या साहेबाला पक्ष्यांचा नाद. दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून तो नदीवर जायचा आणि मला मोडकंतोडकं इंग्रजी येतं म्हणून मलाही ओढून न्यायचा. आठवड्याची एक सुट्टी, ती बाभळीचे काटे मोडून घेण्यात घालवायची आणि साहेबाने हात वर केला की श्वास रोखून उभं राहायचं, हे मला अजिबात रुचत नव्हतं. पण साहेबाला नाही कोण म्हणणार?

एका रविवारी काठावरच्या उंबरावर पांढऱ्या डोक्याचा पक्षी दिसला आणि साहेब ओरडलाच. त्याच्या देशात पांढऱ्या डोक्याचा मोठा गरुड असतो, त्यांच्या सरकारी शिक्क्यावर असतो तोच. क्षणभर त्याला वाटलं, आपल्या गावचं कोणीतरी भेटलं. मग दुर्बीण लावून त्याने नीट पाहिलं आणि स्वतःलाच हसला. त्याचा गरुड याच्या दुपटीहून मोठा, अंगाने काळपट तपकिरी आणि शेपटीही डोक्यासारखीच पांढरीशुभ्र. आपल्या पक्ष्याचा पांढरा रंग मानेवरून छातीपर्यंत उतरलेला, पाठ भाजक्या विटेच्या रंगाची आणि शेपटीही तशीच तांबूस. म्हणजे आपली ब्राह्मणी घार. "डोकं बघून फसू नकोस, शेपटी बघ," असं साहेब मला बजावून म्हणाला. काम संपवून मायदेशी परत जाताना त्याने मला यंत्रवाल्या कंपनीचं एक कॅलेंडर भेट दिलं. त्यावर तो अमेरिकन गरुड होता, पाण्यावरून झेपावणारा आणि पंजात मासा धरलेला. चित्र सुरेख होतं, मी ते खोलीत लावलं. तेव्हाच चुलीत घातलं असतं तर पुढचा सगळा वैताग वाचला असता.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला माझे पुनावळ्याचे मामा वारले.

मामा फार भला माणूस, पण जन्मात कुणाला हो किंवा नाही म्हणाला नसेल. बैल घ्यायचा? बघू. विहिरीचा गाळ काढायचा? बघू. त्यांच्या धाकट्या मुलीने सातवीची फायनल पास होऊन मास्तरीण होण्यासाठी पुण्याला ट्रेनिंगला जायचं काढलं, तेव्हा मामा म्हणाले, बघू. थोरल्या मुलाने बहिणीसाठी चाकणच्या कांद्याच्या व्यापाऱ्याचं स्थळ आणलं, नवरा बिजवर, वयाने बराच मोठा, पण घर भरलेलं. तेव्हाही मामा बघूच म्हणाले. आणि बघता बघता गेले. आता थोरला म्हणे, घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं; चाकणवाले काही तीन वर्षं थांबायचे नाहीत. धाकटी काही बोलत नव्हती. मामा होते तेव्हा त्यांच्याकडे बघायची, आता भिंतीकडे बघायची. तिचं आयुष्य चाकणला जाणार की पुण्याला, एवढाच प्रश्न होता आणि तो प्रश्न सोडवायचा होता कावळ्याने.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर जमलो. पिंड मांडले, मामांच्या आवडीचं पान वाढलं. मामीने भाकरीखाली तळलेल्या मासोळीचा तुकडा सारला. गुरुजींनी तो बघितला आणि न बघितल्यासारखं केलं, कारण त्यांना रावेतला दुसऱ्या दहाव्याला जायचं होतं. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग मामांना, म्हणजे गावाच्या आबांना, नेहमीची विनवणी सुरू झाली. कोणी म्हणालं, "आबा, वावराची काळजी करू नका." कावळे ढिम्म. "आबा, म्हातारीला आमी अंतर देनार न्हाई." कावळे चोची पुसताहेत. ऊन चढत होतं, पोटात कावळे ओरडत होते तेवढेच. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला काड्या हातात घेतल्या. जिवंत कावळा न शिवला तर गवताचा करून शिववतात, म्हणजे सगळे जेवायला मोकळे. तेवढ्यात थोरला पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "आबा, धाकटीचं लगीन चाकणला ठरल्यापरमानं करतो. जीव अडकवू नका."

त्याचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच डोक्यावरून सप्पकन काहीतरी आलं. पांढरं डोकं, तांबडे पंख. पानावर झडप, भाताची शितं चहूकडे, आणि मासोळी घेऊन पक्षी पार नदीपलीकडे.

मग गुरुजींनी दर्भ खाली टाकला. "अहो, साक्षात गरुड! विष्णूचं वाहन! भाग्यवान आत्मा!" असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि लगेच चपला शोधायला लागले. जमलेल्या मंडळींनी नदीकडे तोंड करून नमस्कार घातले. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आबांनी शबूद घेतला," तो म्हणाला.

"दादा, घार होती ती," मी म्हणालो. "माशाला आली होती."

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पान उधळलं होतं.

"घार काळी असती," थोरला म्हणाला.

"ती साधी घार. ही ब्राह्मणी घार. या नदीवर रोज असते."

"रोज असती, मंग आजच पिंडावर कशी आली?"

याला काय उत्तर द्यायचं? रोज कोणी तिला तळलेला मासा वाढत नाही, हे उत्तर होतं, पण मामी शेजारी पदर तोंडाला लावून उभी होती, म्हणून मी ते गिळलं. आणि मग थोरल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, तुझ्या खोलीत फोटूच हाय की त्याचा! तूच म्हनला हुतास मला, गरुड हाय म्हनून!"

म्हणालो होतो. नाकारायची सोय नव्हती.

त्याच दुपारी थोरला सायकल मारत पिंपरीला गेला आणि माझ्या घरमालकिणीकडून किल्ली मागून कॅलेंडर घेऊन आला. ओसरीवर ते पसरलं. डोकं पांढरं. अंग तपकिरी. वर पंजात मासा! मी माशाचं कारण मनात धरून बसलो होतो, तर चित्रातल्या गरुडाने तेही माझ्या हातून काढून घेतलं. "बघा, मासा बी हाय," असं म्हणत माणसं माना डोलवत होती. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका येऊन कॅलेंडरला हळदकुंकू वाहून गेल्या. एकीने चित्रापुढे ऊदबत्ती लावली. यंत्राच्या कंपनीच्या नावावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. हे साहेबाला कसं कळवावं, याचाच मी विचार करत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर भांडलो, समजावलं, पुन्हा भांडलो. हा पक्षी अमेरिकेचा आहे. "देवाला अमेरिका काय लांब हाय?" तो केवढा मोठा असतो, ही केवढीशी. "लांबून बारीकच दिसनार." त्याची शेपटी पांढरी असते, आपल्या घारीची तांबडी. "मानसं रडत हुती, शेपटी कोन बघतंय राव?" हे मात्र खरं होतं. दहाव्याला आलेल्या एवढ्या माणसांत एकाचंही शेपटीकडे लक्ष नव्हतं आणि तरी सगळ्यांनी ती पांढरी पाहिली होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. तिकडे चाकणला सांगावा गेला की मामांनी वरून संमती दिली. तिकडून उलट निरोप आला की तेराव्यानंतर बैठक करू. धाकटी भाकऱ्या थापत होती. मी एकदा चुलीपाशी जाऊन म्हटलं, "मी करतो काहीतरी." तिने वर न बघता परातीत पीठ ओढलं.

शेवटी मी चिडून थोरल्याला म्हणालो, "उद्या सकाळी ते कॅलेंडर घे आणि माझ्याबरोबर नदीवर चल. पक्षी दाखवतो. मग काय ते म्हण." तो तयार झाला. त्याला खात्रीच होती. गरुडाचं पुन्हा दर्शन होणार म्हणून तो अंघोळ करून, कपाळाला गंध लावून निघाला. मामी आणि धाकटी धुणं घेऊन मागून आल्या.

पण पक्षी आपल्याला हवा असला की नसतो. एरवी डोळ्यांसमोर घिरट्या घालणारी ती बया त्या सकाळी कुठे दडली कोण जाणे. उंबरावर नाही, बाभळीवर नाही. मी थोरल्याला घेऊन काठाने वर गेलो, खाली आलो. दोनदा त्याने साध्या घारीला हात जोडले. "ती बघ, शेपटीला खाच आहे, ती काळी घार," मी सांगत होतो. आपलीच शिकवणी ऐकून मला साहेबाची कीव आली. तो माझ्याबरोबर कसा वर्षभर हिंडला असेल! थोरला कॅलेंडर गुंडाळून काखेत धरून चालत होता. "शोधून सापडत न्हाई म्हंजी देवच असनार," असंही एकदा म्हणाला. मी दगड उचलला तो त्याला मारायला नव्हे, पण उचलला खरा.

खालच्या अंगाला भोई जाळी झटकत होते, तिथे ती सापडली. मांजराच्या पिल्लासारखी कुरकुरत घिरटी घातली आणि उथळ पाण्यातल्या खडकावर येऊन बसली, आमच्यापासून फार तर दोन जाळ्यांच्या अंतरावर. भोयांनी फेकलेलं माशाचं आतडं तिने पायाखाली धरलं आणि ओढून ओढून खाऊ लागली. एक कावळा मागून आला आणि तिची शेपटी चोचीने ओढून गेला. ती दचकली. त्याने पुन्हा ओढली. विष्णूच्या वाहनाला पवनेचा कावळा सळो की पळो करून सोडत होता. शेवटी ती उडाली, आमच्याच डोक्यावरून गेली, आणि शेपटी उन्हात अशी लखलखीत विटकरी दिसली की आंधळ्यालाही कळावं.

थोरल्याने कॅलेंडर उलगडलं. चित्राकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे. मग त्याने चित्रातल्या पांढऱ्या शेपटीवर बोट ठेवलं.

"तांबडी हाय," तो म्हणाला. मग हळूच, "घारच हाय."

मला वाटलं, सुटलो. जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू! तो जेमतेम दोन श्वास टिकला असेल. थोरल्याने कॅलेंडर गुंडाळलं आणि काळजीने म्हणाला, "म्हंजी आबांचा जीव अजून अडकलाय. तेराव्याला पुन्हा पान ठेवू. लग्नाचं पुन्हा सांगू. कावळा शिवला तर व्हय, न्हाई शिवला तर न्हाई." आणि माझ्याकडे वळून, "मासा न्हाई ठेवायचा या येळंला. तुझं बी समाधान."

मी कपाळाला हात लावला. एवढी शेपटी दाखवून शेवटी घारीऐवजी कावळा!

मामी खडकावर धुणं आपटत होती. तिचे हात थांबले. मामा गेल्यापासून ती कुणाशी पुरतं वाक्य बोलली नव्हती. पिळलेलं लुगडं तिने बादलीत टाकलं आणि उठून थोरल्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्यो मानूस जित्तेपनी काय बोलला न्हाई," ती म्हणाली. "आता मेल्यावर त्याला किती येळा इचारनार हायेस? तुजी भन तितं उभी हाय. तिला इचार."

थोरला गोंधळला. बहिणीला विचारायचं असतं, हे त्याला खरंच सुचलं नसावं. ते कुणालाच सुचलं नव्हतं. त्याने घसा खाकरला. जोडायला म्हणून हात उचलले आणि पुन्हा खाली सोडले. "काय गं," तो म्हणाला, "चाकणचं... तुला काय वाटतं?"

धाकटी गुडघाभर पाण्यात उभी होती. हातात भावाचाच सदरा होता, साबण लावलेला.

"मला न्हाई करायचं," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की जाळी झटकणाऱ्या भोयांनी वळून पाहिलं. "मला पुण्याला जायचंय. आबांना बी चारदा सांगितलं हुतं. तुला बी सांगितलं असतं, कुनी इचारलं असतं तर."