काकूंच्या स्लॅबवरून वायर

आमच्या शेलूबाजारात घरी इंटरनेट घ्यायचं तर मला दोन पर्याय होते. एक मोबाईल कंपनीचा डबा. तो खिडकीत ठेवायचा, टॉवरकडे तोंड करायचं, वायर-बियर काही नाही. दुसरा, गावातल्या केबलवाल्याची फायबर, खांबावरून थेट घरात. मुलगी पुण्याच्या कंपनीत नोकरीला, घरून काम करायची परवानगी काढून आलेली. नेट नीट चाललं तर ती इथंच राहणार, नाही तर सोमवारी परत. तिला फायबर हवी होती. मी डब्याचा हट्ट धरला.

"काहून पण, बाबा?"

"भिंतीले भोक पाडावं लागते," मी म्हणालो. कॅलेंडरसाठी मी स्वतः भिंतीची चाळण केलेली असल्यामुळे हे कारण घरात कोणालाच पटलं नाही.

डबा आला. पहिल्याच मीटिंगमध्ये मुलीचे साहेब तोंड उघडं ठेवून गोठले. मग ती डबा घेऊन घरभर फिरली. गव्हाच्या कोठीवर, देव्हाऱ्याशेजारी, शेवटी न्हाणीच्या पत्र्यावर. तिथं रेंज मस्त होती, बसायला जागा नव्हती. शुक्रवारी तिनं बॅग काढली. तेव्हा कुठं मी केबलवाल्याला फोन केला.

त्यानं खांब पाहिला, आमचं घर पाहिलं, मधलं घर पाहिलं. "सर, वायर काकूच्या स्लॅबवरूनच येईन. एकडाव विचारून घ्या त्यायले."

हेच तर मला टाळायचं होतं.

मी शाळामास्तर. काकू शेजारी एकट्या राहतात. सहा-सात वर्षांपूर्वी मी संध्याकाळी पेपर तपासायला बसलो, की त्यांची मालिका भिंतीतून आमच्या घरात रडायला यायची. एक दिवस पक्कड घेतली, गच्चीवरून हात लांबवला आणि त्यांच्या टीव्हीची वायर कापली. दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "गुरुजी, काहून बंद पडला असंन हो टीव्ही?" मी म्हणालो, "वांदरायनं तोडली असंन वायर." आमच्याकडे वांदरं टोळीनं येतात, गच्च्यांवरून उड्या मारतात, त्यामुळे गोष्ट तिथंच मिटली. पण काकू दर शनिवारी त्यांच्यासाठी कठड्यावर फुटाणे ठेवायच्या. त्या शनिवारी काठी घेऊन उभ्या राहिल्या. टीव्ही पुढं सुरू झाला, फुटाणे बंद झाले ते झालेच. बायकोलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

काकू ओट्यावर लसूण सोलत होत्या. वायरचं विचारलं.

"जाऊ द्या ना. माह्या स्लॅबचं का झिजते? फकस्त पायपातून टाका, गुरुजी. वांदरं लय बदमाश हायेत."

काम झालं होतं. मान हलवून परत फिरायचं, एवढंच उरलं होतं.

"काकू," मी म्हणालो, "तवा वांदरायनं नव्हती तोडली. मी कापली होती."

त्यांचा हात थांबला. "कायनं?"

"पक्कडीनं."

"आवाजापाई?"

"हो."

"मंग तोंडानं सांगाचं होतं, कमी करा म्हणून. रिमोट माह्या हातातच होता ना."

मी ओट्यावर सांडलेली लसणाची सालं गोळा करू लागलो.

"अन् मी त्या मुक्या जिवायले काठ्या हाणल्या, गुरुजी. तेही शनवारच्या."

त्यांनी पुन्हा लसूण हातात घेतला. "टाका वायर. पोरगी घरी राह्यते तं राहू द्या. तुमच्यासाठी नाही देऊन राह्यली मी."

लाइन लागली. साहेब पुरी वाक्यं बोलू लागले. मुलीनं बॅग माळ्यावर टाकली. काकू माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर उभा असलो तरी मुलीला सांगतात, "तुह्या बापाले सांग, नळ आला."

मुलीनं विचारलंच, काय झालं म्हणून. या वेळी भिंतीचं कारण दिलं नाही, सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग लॅपटॉप मिटला.

"काकूचा टीव्ही किती दिवस बंद होता, बाबा?"

"सतरा," मी लगेच म्हणालो. तेव्हा रोज मोजत होतो.