डावीकडं वळणारा बँड

शालू, जरा जवळ ये. कागदावरून का होईना, पण जवळ ये. परवा लग्नात भेटलीस आणि निघता निघता म्हणालीस, “आत्या, आमचे आजोबा बँडवाले होते ना गं?” आणि मी तोंड उघडायच्या आत गाडीत बसून निघूनही गेलीस. असं विचारतात का कुणी? पाहुण्याला पाणी हवं का म्हणून विचारावं आणि तांब्या घेऊन आपणच आत निघून जावं, तशातली गत केलीस तू. सख्खी नात ना त्यांची? मग आता बस आणि नीट वाच. मी काही शाळेत जाऊन लिहायला शिकलेली नाही, बोलते तशीच लिहिणार.

तुझे आजोबा म्हणजे माझे मामा. माझी आई गेली तेव्हा मी परकरी होते, तेव्हापासून वरव्याला त्यांच्याच घरी वाढले. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. शाळेतले मास्तर नव्हेत, बँडमास्तर. आणि या मास्तरांची एक गंमत होती. त्यांना एका जागी उभं राहून वाजवताच येत नसे. बसून तर नाहीच नाही. पाय चालायला लागले की क्लारनेट बोलायचं, पाय थांबले की मुकं व्हायचं. रियाज म्हणजे अंगणातल्या लिंबापासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून लिंबापर्यंत फेऱ्या. मामी ओरडायची, “अवो, येका जागी ऱ्हावा की! समदं सारवण उखडलं.”

“पाय थांबला की सूर थांबतो,” मामा म्हणायचे. “सारवण काय, उद्या पुन्हा करू.”

“करू म्हंजी? कोन करनार?”

यावर मामांचं उत्तर ठरलेलं. क्लारनेट तोंडाला लावायचं आणि लिंबाकडं निघायचं.

ही चालायची सवय पलटणीतली. तरुणपणी ते पलटणीत होते, तिथल्या बँडात ते वाद्य शिकले आणि परतताना एक जुनं क्लारनेट घेऊन आले. इकडं तोवर आपल्या लोकांनी धम्म घेतला होता आणि गावकीचं वाजवणं सोडलं होतं. मामांच्या वडलांना गावातून नुसती हाक यायची. जेवत असले तरी ताट सारून हलगी गळ्यात अडकवून पुढं धावायचं. ते बंद झालं. वस्तीवरच्या काहींना वाटलं, आता वाद्याला हातच लावायचा नाही. मामांनी त्यांना एकच सांगितलं, “वाजवनं वाईट न्हाई. हुकमानं वाजवनं वाईट.” आणि त्यांनी स्वतःचा बँड काढला. नाव ठेवलं ‘स्वतंत्र बँड, वरवे’. मोठ्या ढोलावर ते नाव रंगवून घेतलं. मामीनं जुन्या लुगड्याचे लाल काठ खाकी सदऱ्यांच्या खांद्यांवर शिवले. लांबून बघणाराला तो पलटणीचाच डगला वाटायचा.

बँडाचा नियम एक. नुसत्या हाकेला जायचं नाही. घरी येऊन, बसून, चहा पिऊन जो बोलावणं करील त्याच्याकडं जायचं. आडगावातला गरीब माणूस उन्हातून चालत येऊन घोंगडीवर टेकला, तर मामा त्याच्या मुलीच्या लग्नाला मुकाट जायचे. आणि बैलगाडीतून न उतरता कुणी “मास्तर, उद्या या हो” म्हणाला, की मामांना ऐकू यायचं नाही. कान चांगले तिखट होते बरं का त्यांचे.

मोठा ढोल नामदेव आप्पांकडं होता. आप्पा वरच्या आळीतले, बागायतदार शेतकऱ्याच्या घरातले. ढोलाचं वेडच त्या माणसाला. वस्तीवरच्या बँडात घरचा माणूस जातो म्हणून त्यांच्या घरी बोलणी व्हायची, पण आप्पा म्हणायचे, “माजा हात हाय, माजं टिपरू हाय. कुनाच्या बापाचं काय जातंय?” आणि तालीम करायला जागा नव्हती तेव्हा आपलं खळंही त्यांनीच दिलं.

आता इथं नीट लक्ष दे. खळ्यात मधोमध तिवडा, म्हणजे रोवलेला खांब असतो, मळणीच्या वेळी बैल त्याच्याभोवती फिरतात. बँडही तसाच फिरायला लागला. पुढं मामा, मागं ताशे, झांजा, बिगुल, शेवटाला आप्पांचा ढोल, आणि सगळे डावीकडून गोल गोल. सुगी संपल्यापासून लग्नसराई लागेपर्यंत रोज हेच. चाली सुरेख बसल्या. फक्त एक घोटाळा झाला. या बँडाला डावीकडंच वळता येऊ लागलं! उजवीकडं वळायचं म्हटलं की झांजा ताशांवर आदळायच्या, बिगुल भलतीकडं तोंड करायचं आणि सूर रस्ताभर सांडायचा. मग वरात निघायच्या आधी आप्पा सगळा रस्ता फिरून बघायचे आणि नवऱ्याच्या बापाला सांगायचे, “पाव्हनं, नवरदेव जरा लांबनं न्हेऊ. त्येवडीच शोभा जास्ती.”

वैशाखात भोरला नदीकाठच्या मैदानात बँडांचा मेळा भरायचा. वेल्ह्याकडचे सनईवाले यायचे, खेड्यापाड्यातल्या बँजो पार्ट्या यायच्या, झालरीच्या टोप्या घातलेला शहरातला बँड यायचा. ऊन कललं की सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. बैलगाड्या एकाला एक जोडून, वर फळ्या टाकून माची केलेली असायची आणि कर्ण्यातून एकेका बँडाचं नाव पुकारायचे. पहिल्या वर्षी मेळ्याच्या पंचांचा माणूस वस्तीच्या बाहेर सायकलवरूनच ओरडला, “उद्या वाजवायला या रं!” मामा गेले नाहीत. त्या दिवशी दिवसभर लिंब ते गोठा, गोठा ते लिंब. जायची केवढी इच्छा होती! त्यांना दुसरं काही नको होतं. बाकीच्यांचं नाव घेतात तसं आपल्या बँडाचं पुरं नाव कर्ण्यातून यावं आणि त्याच माचीवर चढून वाजवावं, बस.

पुढच्या वर्षी एक पंच स्वतः आले. घोंगडीवर बसले, मामीच्या हातचा चहा प्याले, पान खाल्लं, रीतसर बोलावणं केलं. मामीनं त्या दिवशी सारवणाबद्दल चकार शब्द काढला नाही.

आम्ही सगळे एस.टी.नं भोरला गेलो. ढोल टपावर, आणि ढोलाची काळजी म्हणून आप्पाही टपावरच चढायला निघाले होते. कंडक्टरनं त्यांना दंडाला धरून खाली आणलं. मैदान माणसांनी फुललेलं. आमची पाळी आली. कर्ण्याजवळच्या माणसानं पुकारलं, “आता वरव्याचे वाजंत्री येत आहेत.”

मामा माचीखाली उभे राहिले, क्लारनेट काखेत. चढेनात.

“मास्तर, चढा की,” तो माणूस म्हणाला.

“नाव पुरं झालं न्हाई.”

“नंतर सांगतो हो, आधी वाजवा तर! लोक खोळंबलेत.”

मामांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, “आता आलोय तर वाजवू मास्तर. ढोलावर लिवलंय की.” आणि सगळे वर चढले.

मामांनी माझ्या आईची जात्यावरची ओवी बँडावर बसवली होती, ती धरली. पण माचीवर उभं राहायचं होतं! पाय थांबलेले. पहिली ओळ कशीबशी गेली आणि दुसरीला ताशे पुढं पळाले, ढोल मागं राहिला, क्लारनेट चिरकलं. लोक हसायला लागले. शहरातल्या बँडातला एक जण म्हणाला, “मास्तर, रस्ता आणून देऊ का?” तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, “वरवेकर, तुम्ही खाली उतरा आणि मिरवणुकीपुढं चालत वाजवा. तुमचं नेहमीचं काम ते.”

त्या माणसानं वाईट हेतूनं म्हटलं नसेलही. पण हाकेसरशी पुढं धावायच्या ज्या जागेवरून मामा निघून आले होते, तिथंच परत उभं राहायला तो सांगत होता. उतरावं तर ते, आणि राहावं तर हसू. मामा मागं वळून शांतपणे म्हणाले, “आप्पा, खळं.”

“खळं?”

“हितंच.”

आणि मामा चालायला लागले. त्या एवढ्याशा माचीवर, डावीकडून गोल! मागं ताशे, झांजा, बिगुल, आणि शेवटी आप्पा, पोटावरचा ढोल सांभाळत, कडेच्या फळीवरून तोल सावरत. पहिला फेरा नुसता पायांचा. दुसऱ्या फेऱ्याला क्लारनेट लागलं, आणि काय लागलं म्हणून सांगू! माझी आई दळायला बसलीय असं वाटलं मला. लोक आधी मोठ्यानं हसले, मग टाळ्यांचा ठेका धरला. फळ्या करकरायला लागल्या, गाड्यांची चाकं हलायला लागली. तेव्हा वेल्ह्याकडचे सनईवाले उठले, सनया कमरेला खोचल्या, चाकांना दगड लावले आणि चाकं धरून बसले. त्यांच्यातला म्हातारा वर बघून ओरडला, “फिरा मास्तर! आमी हाय खाली!”

ओवी संपली. मामा थांबले, पण उतरले नाहीत. कर्ण्याकडं बघत उभे राहिले. तो माणूसही भला निघाला. ढोलाकडं वाकून बघितलं, घसा खाकरला आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, “हा होता, स्वतंत्र बँड, वरवे.” तेव्हा मामा माचीच्या कडेला पाय सोडून चक्क बसले. वाद्य हातात असताना बसलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

मग माझं लग्न ठरलं, किकवीला. मामांचा बँड तर हवाच. मांडव वस्तीच्या टोकाला होता आणि आपलं घर चौकात. तिथून उजवीकडं वळलं की किकवीचा रस्ता. पण बँड उजवीकडं वळलाच नाही. सरळ पुढं गेला, घरांमागून डावीकडं, परत डावीकडं, परत डावीकडं, असा वळसा घालून पुन्हा चौकात आला आणि मग किकवीच्या रस्त्याला लागला. सासरची माणसं वैतागली. “ह्यांना सरळ रस्ता म्हाईत न्हाई का?” कुणीतरी म्हणालं. मी मात्र आपल्या दारावरून दोनदा गेले. पहिल्या वेळी डोळ्यांत पाणी होतं, काही दिसलं नाही. दुसऱ्या वेळी सगळं दिसलं. लिंब, गोठा, उखडलेलं सारवण आणि दारात उभी मामी.

पुढं पोरं कारखान्यांत लागली, बँड मोडला. मामांचे दात गेले, फुंक धरेना. तरी क्लारनेट हातात घेऊन लिंबापर्यंत फेऱ्या चालूच. नुसती बोटं हलायची. मी माहेरी गेले की मामी म्हणायची, “बग, वाजवत्यात.” आणि आम्हा दोघींना ऐकूही यायचं.

मामा गेले तेव्हा आप्पा आले होते, काठी टेकत. बोलता बोलता मी म्हणाले, “आप्पा, तुमच्या बँडाला शेवटपर्यंत उजवीकडं वळता आलं नाही.”

“येडी हायेस का पोरी? त्या मेळ्यानंतर मास्तरनं आमाला महिनाभर उजवीकडनं फिरवलं. तुज्या लग्नाच्या आदीच समद्यांना वळता येत हुतं.”

“मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी सकाळीच मास्तरनं सांगितलं, आज आपल्याला डावीकडंच वळता येतंय.”

तर शालू, असे होते तुझे आजोबा. क्लारनेट माझ्याकडं आहे, फडक्यात गुंडाळून ठेवलंय. ये ना एकदा लवकर, चार दिवस सवडीनं. निघताना मात्र गाडीची घाई करायची नाही. एस.टी.च्या थांब्यापर्यंत मी सोडायला येईन आणि तुला डावीकडून वळसा घालून नेईन, म्हणजे माझं दार तुला दोनदा लागेल.