पायाने परत केलेला बॉल

ज्या हातांनी तुम्हाला कप जिंकून दिला, त्याच हातांना तुम्ही सांगाल का, की बॉलला शिवू नका?

मला सांगितलं. पनवेलच्या बाहेर एका फार्महाऊसवर, भर दुपारी. फार्महाऊस आमच्या क्लबच्या मालकांचं. हिरवळीच्या कडेला त्यांनी बास्केटबॉलचं छोटं कोर्ट बांधून घेतलंय. तिथे आमची टीम त्यांच्या पाहुण्यांसोबत गंमत म्हणून खेळत होती. मी सोडून. मी टीमची सेंटर, रिंगखाली उभी राहणारी, सगळ्यांत उंच. आणि मी स्वयंपाकघरामागे नळाशी विळी घेऊन बसले होते. पुढ्यात पापलेटं.

बॉल उडत माझ्याकडे आला. सवयीने हात पुढे गेले.

"अगं, अगं! बॉल नको धरूस!" मालकीणबाई ओरडल्या. "हात बघ तुझे. सगळ्यांना वास लागेल."

पाहुणे हसले. मालकांना आम्ही सर म्हणतो. ते कौतुकाने म्हणाले, "आमची स्टार आहे ही. पण मासे काय साफ करते! कोळ्याची पोर, रक्तातच आहे."

मी बॉल पायाने ढकलून परत दिला.

आमच्या खेळात बॉलला मुद्दाम पाय लावला तर तो समोरच्या टीमला जातो. शाळेपासून खेळतेय, कधी लावला नव्हता. त्या दिवशी लावला. कुणी शिट्टी वाजवली नाही.

हे एका दुपारत झालेलं नाही. सुरुवात आमच्याच मायेने झाली. आमचं घर उरणजवळ करंजाचं, बापाची होडी. क्लबने मला घेतलं तेव्हा आयने जाळ्यातली चांगली पापलेटं निवडून दिली. "सायबाला दे. वानवला हाय, पैसं नको घेव." वानवळा म्हणजे आपल्या घरी पिकलेलं, मिळालेलं, आपल्या माणसाला प्रेमाने द्यायचं. सरांनी पाकीट काढलं, मी नको म्हटलं. ते खूश झाले. "वा! तू तर घरचीच झालीस."

घरची झाले आणि अडकले.

पुढच्या वेळी फोनवर मेसेज आला. पाहुणे आहेत, सुरमई आण. मग कोलंबी, सोलून. मग, इथेच येऊन साफ कर, ताजी राहते. सरावालाही सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या मीच भरायला लागले. कुणी हुकूम केला नव्हता. पहिल्या दिवशी मी उचलल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

नाही कसं म्हणणार? कामोठ्यातली खोली क्लबची. गुडघ्याचा डॉक्टर क्लबचा. बूटसुद्धा क्लबचे. सोडून दुसरीकडे खेळायचं तर सरांची एनओसी हवी. ती नसेल तर सगळा हंगाम घरी. आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या बाईकडे हंगाम असतात किती? गुडघा आत्ताच कुरकुरतोय.

त्या संध्याकाळी मी एसटीने करंजाला गेले. नखांत खवले तसेच होते. आय ओट्यावर जाळं निवडत होती.

"आवडलं का गो मावरं सायबाला?"

"आवडलं. साफ पण मीच केलं."

तिचा हात थांबला. "तुज्या टीमच्या पोरी कुटं होत्या?"

"खेळत होत्या."

आयने जाळं बाजूला सारलं. मग म्हणाली, "वानवला घेऊन गेलेलीच्या हातात कोनी विली देतं का गो? आमी माया दिली. त्यांनी ती चाकरी धरली."

आयला एनओसी माहीत नाही. पण मी कुठे अडकलेय, ते तिने बोट ठेवून दाखवलं.

पुढचा मेसेज आला तेव्हा मी उत्तर पाठवलं नाही. सरावाला गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, मी खेळायला येईन. मासे आणणार नाही. बाटल्याही जिच्या तिने भरायच्या."

सर हसले. "एवढा राग? अगं, तू घरची."

"घरच्या बाकीच्या मुली कोर्टवर होत्या, सर."

हसणं गेलं. "एनओसी माझ्याकडे आहे. विसरू नकोस."

आमची गार्ड, बॉल पुढे घेऊन जाणारी, माझ्याच खोलीत राहते, ती कानाशी पुटपुटली, "येडी आहेस का? एका दिवसाचं तर काम."

तेव्हापासून मी बेंचवर आहे. जर्सी घालते, वॉर्मअप करते, बसते. रिंगवरून उसळलेले बॉल, रिबाउंड, आम्ही गमावतो आणि मी बघते. एनओसी मागितली, मिळाली नाही. पुन्हा मागणार आहे. लेखी, आणि बास्केटबॉल असोसिएशनकडेही. करंजाला जाळी सुकवायच्या पटांगणात बापाने खांबाला रिंग ठोकून दिलीय. सुट्टीला तिथे खेळते, मासळीच्या वासाच्या हातांनी. बॉलला काही होत नाही. हंगाम गेला तर जाऊ दे. बॉलला पाय मी पुन्हा लावणार नाही.

तुमच्या मुलामुलींच्या टीममध्ये रोज पाण्याच्या बाटल्या कोण भरतं, ते उद्या सरावाला जाऊन बघा. रोज तेच पोर असेल, तर त्याच्या हातातल्या बाटल्या काढून घ्या. तुमच्या पोराच्या हातात द्या. सगळ्यांसमोर.