रिकाम्या चुंबळीची आक्का

कर्नाटकातल्या आमच्या दिग्गी गावच्या आक्काला मागून हाक मारली, तर ती मान वळवत नसे. पाय उचलून अख्खी वळायची, मग म्हणायची, "काय गं?" लाकडाचे नि गवताचे भारे डोक्यावरून वाहून वाहून तिची मान आणि कंबर कायमची आखडली होती. मी रामनगरची, लग्न होऊन तिच्या शेजारी आलेली. मला आधी वाटलं, बाई भारीच तोऱ्यात दिसते!

त्या वर्षी ती बांधावरून दोनदा पडली. मान धरली की पाय कुठं पडतोय तेच उमगत न्हाई, म्हणायची. डॉक्टरांनी भारा बंद केला आणि तोल सुधारावा म्हणून दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहायला सांगितलं. तिचं शेत ओढ्यापलीकडं, मधे दोन ओंडक्यांचा साकव. मुलगा शिवा म्हणाला, "आई, औंदा शेत पडीक ठेवू. तू साकवावर जायाचं न्हाई."

"लावणीपतोर थांब," आक्का म्हणाली. "मला न्हाई जमलं, तर ठेव पडीक."

झालं! रोज सकाळी बाई दारात एका पायावर. मोजायची कन्नडात, ओंदू, एरडू, मूरू... हत्तू, म्हणजे दहा झालं की पाय बदल. मग डोक्यावर नुसती चुंबळ ठेवून अंगणात फेऱ्या. भारा नाही, फक्त कापडाचं वेटोळं. ते घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. बाया फिदीफिदी हसायच्या, "आक्का, भारा इसरलीस काय?"

"भारा गेला, चाल न्हाई गेली!"

दुखणं काही थांबलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "दुखतंय की. पर दुखण्याला इचारून चालत न्हाई मी."

लावणीच्या सकाळी शिवानं तिचा हात धरायला मला पाठवलं. ओढा भरून वाहत होता. आक्कानं माझा हात बाजूला सारला आणि साकवावर चढली. मधेच थांबली. तिनं दम घेतला, आणि गेली की सरळ पलीकडं! मी टाळ्याच पिटल्या.

मग माझी पाळी. धड मानेची, धड कंबरेची मी, दोन पावलांत ओंडका कवटाळून बसले. आक्का हळूहळू परत आली, हात पुढं करून म्हणाली, "पाण्याकडं नगं, माझ्याकडं बघ." मग माझ्यामागं काठावर येऊन उभ्या राहिलेल्या शिवाला ओरडली, "बघतोस काय? रोप आण!"

त्यानंतर पाच लावण्या तिनं केल्या. गेल्या साली आक्का गेली. यंदा मी एकटीच साकव ओलांडून गेले, आणि तिच्या शेतात पहिली मूठ लावताना ढसाढसा रडले.